घरच्या घरी उल्का पकडणारा कॅमेरा: कमी खर्चात आणि झोपेचं खोबरं न करता

उल्कावर्षाव बघायला चटई टाकून आडवं पडलेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. शेजारचा ओरडतो "ती बघ!" आणि आपली मान वळेपर्यंत आकाश जैसे थे. उल्का दिसते जेमतेम अर्धा सेकंद, आणि ती कुठे कधी दिसेल याचा काही नेम नाही. म्हणून हे काम कॅमेऱ्यावर सोपवायचं. तो रात्रभर एकाच जागी टक लावून बघतो, डोळे चोळत नाही, चहाला उठत नाही, आणि सकाळी आपण दात घासत असताना रात्री काय काय सापडलं त्याच्या क्लिप्स तयार असतात.

फोटो का नाही, व्हिडिओच का, असं बरेच जण विचारतात. डीएसएलआरवर तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावलं तर उल्केची छान रेघ मिळते, भिंतीवर लावायला झकास, पण ती रेघ त्या तीस सेकंदांत नेमकी कधी उमटली आणि किती वेगाने गेली हे त्यातून कळत नाही. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या उल्केचे बारा-तेरा ठिपके, प्रत्येकाची वेळ माहीत. त्यातून वेग निघतो, दुसऱ्या कॅमेऱ्याची साथ असेल तर उंची निघते, आणि दोन्ही मिळून तो खडा सूर्याभोवती कुठल्या कक्षेत फिरत होता तेही काढता येतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. नवीन लोक सगळी शक्ती "कुठला कॅमेरा घेऊ" यावर घालवतात. कॅमेरा हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. खरी मेख तीन गोष्टींत आहे, फोकस, न हलणारं माउंटिंग आणि बरोबर चालणारं घड्याळ. या तीन जमल्या तर साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातूनही शास्त्रज्ञांना वापरता येईल असा डेटा निघतो, नाही जमल्या तर महागातल्या महाग कॅमेऱ्यातूनही नुसते धूसर पांढरे फराटे.

काय काय लागेल

कॅमेरा म्हणजे सीसीटीव्हीवाला आयपी कॅमेरा, आणि शक्यतो नुसता बोर्ड, ज्यावर सोनीचा आयएमएक्स २९१ किंवा आयएमएक्स ३०७ सेन्सर आहे. हे सेन्सर कमी प्रकाशात खूप चांगले आहेत आणि सिक्युरिटी कॅमेऱ्यांसाठी ढिगाने बनतात म्हणून स्वस्त पडतात. पूर्वी या कामाला वॅटेकसारखे ॲनालॉग कॅमेरे आणि सोबत व्हिडिओ कॅप्चर कार्ड लागायचं, आता ती भानगड राहिली नाही.

लेन्स ३.६ किंवा ४ मिलिमीटरची, आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड, जितकं मोठं तितकं बरं (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), एफ ०.९५ मिळाली तर सोन्याहून पिवळं. ३.६ मिलिमीटरला आडवं साधारण ८८ अंश आणि उभं ४५ अंश एवढं आकाश मावतं. ६ मिलिमीटर लावली तर आकाश कमी दिसतं पण अंधुक उल्काही सापडतात. पहिल्या कॅमेऱ्याला रुंद लेन्सच घ्या, हौस वाढली की दुसरा अरुंद लावालच (वाढतेच).

कॉम्प्युटर म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा ५, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर (पुढे नुसतं "पाय" म्हणतो). घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर सुरुवात त्याच्यावर करायलाही हरकत नाही, पण रोज रात्री दहा-बारा तास लॅपटॉप चालू ठेवणं, त्याचा पंखा, त्याचे मध्यरात्रीचे अपडेट, हे सगळं नंतर डोक्याला ताप होतं.

मेमरी कार्ड कमीत कमी १२८ जीबी. उगीच सांगत नाहीये, हिशोब बघा. यात मी ज्या सॉफ्टवेअरबद्दल सांगणार आहे ते २५६ फ्रेमचा, म्हणजे १०.२४ सेकंदांचा, एक ठोकळा करून साठवतं. बारा तासांच्या रात्रीत असे चार हजारांच्या वर ठोकळे होतात, एकेक साडेतीन-पावणेचार एमबीचा, म्हणजे एका रात्रीचे १५ जीबी. जुन्या रात्री आपोआप पुसल्या जातात, तरी चार-पाच रात्री मागे जाऊन बघता यायला जागा हवी.

बाकी मग पीओई स्विच किंवा इंजेक्टर, बाहेर टिकणारी लॅन केबल, काचेची खिडकी असलेलं सीसीटीव्ही हाऊसिंग आणि एक दणकट ब्रॅकेट. पीओईचा फायदा हा की वीज आणि डेटा एकाच वायरीतून जातात आणि १०० मीटरपर्यंत चालतं. फक्त कॅमेऱ्याचं पीओई मॉड्यूल ४८ व्होल्टचं आहे की १२ व्होल्टचं साधं पॅसिव्ह, हे आधी बघा, कारण चुकीचं जोडलं तर कॅमेरा एका क्षणात कामातून जातो. सगळं मिळून एका साध्या मोबाईलच्या खर्चात बसतं.

आणि पायचा पॉवर सप्लाय. मोबाईलचा चार्जर लावू नका. मी लावला होता. सगळं नीट चाललंय असं वाटायचं, पण रात्री लोड वाढला की व्होल्टेज खाली यायचं, पाय मंदावायचा आणि मधल्या फ्रेम गळायच्या. फ्रेम गळल्या की वेळेचा हिशोब चुकतो, आणि ते मला दोन आठवड्यांनी कळलं. पायसाठीचाच सप्लाय घ्या, पाय ४ असेल तर ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा.

कॅमेऱ्याची सेटिंग

सिक्युरिटी कॅमेरा बनवलेला असतो माणसाचा चेहरा दिसावा म्हणून, आपल्याला बघायचाय काळ्या आकाशातला एक पळता ठिपका. त्यामुळे त्याच्यातले जवळपास सगळे "स्मार्ट" फीचर आपल्या मुळावर उठलेले असतात. टेबलावर असतानाच कॅमेरा लॅपटॉपला जोडून हे उरकून घ्या.

पहिलं म्हणजे स्लो शटर बंद. काही कॅमेरे अंधार पडला की गुपचूप फ्रेम रेट उतरवून एक्स्पोजर वाढवतात, चित्र मस्त उजळ दिसतं, आपण खूश, पण आत सेकंदाला पाच-सहाच खऱ्या फ्रेम असतात आणि बाकीच्या त्याच्याच झेरॉक्स. आपल्याला २५ फ्रेम हव्यात म्हणजे एक्स्पोजर फार तर ४० मिलिसेकंद. दुसरं, नॉइज रिडक्शन बंद किंवा कमीत कमी, कारण त्याच्या दृष्टीने अंधुक उल्का म्हणजे नॉइजच आणि तो ती इमानदारीत पुसून टाकतो. वाइड डायनॅमिक रेंज बंद. दिवस-रात्र आपोआप बदलणारा मोड बंद, एकाच मोडवर फिक्स. इन्फ्रारेड एलईडीची रिंग असेल तर काढूनच टाका, नाहीतर हाऊसिंगच्या काचेवरून तो उजेड परत लेन्समध्ये येतो. रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. सेन्सर फुल एचडीचा असला तरी पायवर रात्रभर सलग चालवायला तेवढंच सोयीचं.

लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये इन्फ्रारेड कट फिल्टरची लालसर-निळसर काच असते. ती काढली तर जास्त उजेड आत येतो, म्हणून बहुतेक जण काढतात. काढायची असेल तर फोकसच्या आधी काढा, कारण ती गेली की फोकसची जागा सरकते.

फोकस, फोकस, फोकस

इथे वेळ घालवा. एक संध्याकाळ पूर्ण गेली तरी चालेल.

आधी दिवसा लांबच्या एखाद्या टॉवरवर किंवा डोंगराच्या कडेवर ढोबळ फोकस करून घ्या. मग रात्री ताऱ्यांवर. अभिजित किंवा व्याधासारखा ठळक तारा घ्यायचा मोह होतो, पण असे तारे सेन्सरवर इतके फुटतात की फोकस बरोबर असो नसो, गोळाच दिसतो. मध्यम तेजाचे तारे बघा. लाइव्ह व्हिडिओ मोठा करायचा आणि लेन्स केसभर फिरवायची. केसभर म्हणजे किती ते सांगतो. या छोट्या लेन्सच्या आट्यांची पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात लेन्स जेवढी सरकते ते अंतर, अर्धा मिलिमीटर असते. घड्याळाचा सेकंदकाटा एक घर सरकतो ना, तेवढी लेन्स फिरवली, म्हणजे सहा अंश, तर लेन्स ८ मायक्रॉन पुढे-मागे होते. सेन्सरचा एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आणि लेन्स एफ ०.९५ ची, म्हणजे तेवढ्या एका घराने ताऱ्याचा ठिपका जवळपास तीन पिक्सेल फुगतो. आता कळलं ना हात का थरथरता कामा नये.

मी असं करतो. एका मध्यम ताऱ्याच्या शेजारचा अगदी अंधुक, दिसतोय-न-दिसतोय असा तारा हेरून ठेवायचा. लेन्स फिरवताना तो दिसेनासा होतो, मग दिसतो, मग परत जातो. दिसायला लागला ती जागा आणि गेला ती जागा यांच्या मधोमध थांबायचं. फ्रेमच्या मध्यावर जमलं की कोपऱ्यातले तारेही बघा, सगळा भर मध्यावर देऊन कोपरे वाऱ्यावर सोडू नका, उल्का कोपऱ्यातही पडतात. मग लॉक स्क्रू आवळायचा, आणि आवळताना फोकस थोडा हलतोच, त्यामुळे आवळल्यावर परत बघायचं. दोन दिवसांनी, थंड रात्री, पुन्हा एकदा. प्लॅस्टिकचा लेन्स होल्डर तापमानाने आकसतो-फुगतो, धातूचा मिळाला तर तोच घ्या.

कुठे लावायचा, कुठे बघायचं

डोक्यावर सरळ वर बघणारा कॅमेरा लावावासा वाटतो पण ते तितकंसं फायद्याचं नाही. उल्का जळतात साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर. सरळ वर बघितलं तर त्या थराचा छोटा तुकडा दिसतो, तिरकं बघितलं तर खूप मोठा. फार खाली क्षितिजाकडे गेलं तर अंतर वाढून उल्का फिकी पडते, वर धूर, धूळ, दिव्यांचा उजेड. म्हणून ४० ते ४५ अंशांचा तिरपा. उत्तर गोलार्धात असाल तर कॅमेरा उत्तरेला तोंड करून ठेवला की चंद्र फारसा फ्रेममध्ये येत नाही आणि दिवसा सूर्यही सहसा थेट लेन्समध्ये घुसत नाही. त्या बाजूला मोठे दिवे असतील तर मग दुसरी दिशा बघा, अट्टाहास नको.

ब्रॅकेट भिंतीत ठोका. पत्र्याला नाही, अँटेनाच्या लवलवत्या पाइपला तर अजिबात नाही. लावून झाल्यावर हाताने दाबून बघा, किंचित जरी हललं तरी ते चालणार नाही. माझ्या कॅमेऱ्याला एकदा शिडीचा हलका धक्का लागला, डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता, पण सगळे तारे अर्धा अंश बाजूला गेलेले आणि परत सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे चित्रातल्या ताऱ्यांशी आकाशाचा नकाशा जुळवणं (ते पुढे येतंच).

पाण्याचं बघा. केबल हाऊसिंगमध्ये खालून ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्यायची आणि त्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकतं. आत सिलिका जेलच्या पुड्या. काचेवर दव पडेल ही भीती असते, पण कॅमेऱ्याची स्वतःची ऊब बहुतेक वेळा पुरते, हाऊसिंग छोटं असेल तर नक्कीच. लॅन केबल बाहेरून आत येते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि जवळपास विजा कडाडत असतील तर सरळ केबल काढून ठेवा, एक रात्र गेली तर गेली.

सॉफ्टवेअर आणि घड्याळ

आरएमएस नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ग्लोबल मीटिअर नेटवर्क हे जगभरातलं कॅमेऱ्यांचं जाळं त्याच्यावरच चालतं, हजाराहून जास्त कॅमेरे, बहुतेक सगळे हौशी लोकांच्या घरांवर. त्याची तयार इमेज मिळते, ती कार्डवर लिहायची, कार्ड पायमध्ये घालायचं, आणि मग कॉन्फिग फाइलमध्ये आपली माहिती भरायची: स्टेशन कोड (नेटवर्कमध्ये नाव नोंदवलं की मिळतो), अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कॅमेऱ्याचा आयपी पत्ता. अक्षांश-रेखांश कॅमेऱ्याच्याच जागेचे घाला, गावाचे नाही, दशांशानंतर पाच-सहा आकडे तरी हवेत. उणे-अधिकही नीट बघा, पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे असतात, तिथे चूक झाली तर सॉफ्टवेअर भलत्याच आकाशात तारे शोधत बसतं.

विंडोजवाला लॅपटॉप वापरणार असाल तर युफोकॅप्चर हे जुनं आणि मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. उल्का दिसली हे कळेपर्यंत ती अर्धी संपलेली असते, त्यामुळे "दिसल्यावर रेकॉर्डिंग चालू" हे चालत नाही. म्हणून गेल्या काही सेकंदांचा व्हिडिओ सतत मेमरीत फिरता ठेवायचा आणि हालचाल दिसली की तो मागचा तुकडासुद्धा फाइलमध्ये घालायचा. आरएमएस वेगळं करतं, ते सगळी रात्र साठवतं, पण प्रत्येक ठोकळ्यात २५६ फ्रेम न ठेवता प्रत्येक पिक्सेलची सर्वात जास्त चमक, ती कितव्या फ्रेमला आली, सरासरी आणि चढउतार, एवढी चारच चित्रं ठेवतं. त्यातून उल्केचा पूर्ण प्रवास परत उभा करता येतो. मला तर ही आयडिया भारी आवडली.

आता घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंद असेल तर त्याला आज तारीख काय हेही कळत नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. काहीही असो, एनटीपी चालू ठेवा, म्हणजे इंटरनेटवरून वेळ सतत जुळवली जाते. वेळ एखाद्या सेकंदाने जरी चुकली तरी दुसऱ्या कॅमेऱ्यावरची तीच उल्का तुमच्याशी जुळवताना घोळ होतो. सगळं युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. स्थानिक वेळ घातली तर आधी स्वतःचाच गोंधळ होईल.

सूर्य क्षितिजाखाली पाच-सहा अंश गेला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, पहाटे आपोआप थांबतं, मग विश्लेषण. तुम्ही काहीही दाबायचं नाही.

आकाशाचा नकाशा बसवणं

एक स्वच्छ रात्र मिळाली की दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन करायचं. आरएमएसबरोबर स्कायफिट नावाचं टूल येतं. त्यात तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि वर ताऱ्यांची यादी दिसते, आणि तुम्ही एकेका ताऱ्यावर क्लिक करून "हा तोच" असं सांगायचं. सुरुवातीला सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेसारखी ओळखीची आकृती सापडली की बाकी पटापट जमतं. तारे फ्रेमभर पसरलेले निवडा, कोपऱ्यांतले विसरू नका कारण लेन्सचं वाकडेपण तिथेच जास्त असतं. सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या खाली आली की ठीक. नंतर प्रोग्रॅम दर रात्री स्वतःच ताऱ्यांवरून बारीक दुरुस्ती करत राहतो.

त्याच बैठकीत मास्क करून टाका. झाडं, छत, वायरी, जे जे आकाश नाही ते काळं रंगवायचं. नाहीतर वाऱ्याने हलणारी एक फांदी रात्रभर शंभर खोट्या उल्का देते.

सकाळी काय बघायचं

पहिल्या रात्रीची यादी बघून हुरळू नका. माझ्या पहिल्या यादीत बऱ्याच नोंदी होत्या आणि निम्म्याच्या वर एकाच पतंगाच्या, जो काचेपुढे घिरट्या घालत होता. नंतर कोळ्याने काचेसमोर जाळं विणलं, ते वेगळंच.

खरी-खोटी ओळखायची सवय आठवड्याभरात होते. वेगावरून सोपं पडतं. रुंद लेन्समध्ये एका अंशाला साधारण १५ पिक्सेल येतात. पर्सिड, म्हणजे ययाती तारकासमूहातून येताना दिसणाऱ्या उल्का, ५९ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने येतात. अशी उल्का १०० किलोमीटर वर आडवी गेली तर सेकंदाला ३० अंश कापते, म्हणजे दर फ्रेमला १८ पिक्सेलची उडी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला अंशभरच सरकतं, दर फ्रेमला एक पिक्सेलसुद्धा नाही. विमानाचं तसंच, आणि त्याचे दिवे लुकलुकतात, रेघेवर ठिपक्यांची माळ दिसते. कीटक आणि वटवाघळं जाड, धूसर, वाकडी रेघ देतात, उल्का कधी वळण घेत नाही. आणि एकाच फ्रेममध्ये छोटी चमकदार रेघ आली, आधी नाही नंतर नाही, तर तो सेन्सरवर आदळलेला वैश्विक किरण. उल्केची चमक बहुतेक वेळा हळूहळू चढते आणि शेवटाकडे पटकन विझते, कधी शेवटी एक भपका.

साध्या रात्री मध्यरात्रीनंतर जास्त मिळतात, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो, पावसात चालत्या गाडीची पुढची काच जास्त भिजते तसं. ऑगस्टच्या १२-१३ ला पर्सिड्स, डिसेंबरच्या १४ च्या आसपास मिथुन राशीतल्या जेमिनिड्स, या तारखांच्या किमान महिनाभर आधी कॅमेरा लावून घ्या. आदल्या दिवशी लावलेला कॅमेरा त्या रात्री हमखास दगा देतो.

दुसरा कॅमेरा, दुसऱ्याच्या घरी

एका कॅमेऱ्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. ५० ते १५० किलोमीटरवर कोणी मित्र असेल आणि त्यानेही कॅमेरा लावला, आणि दोघांचे कॅमेरे १०० किलोमीटर उंचीवरच्या एकाच भागाकडे बघत असतील, तर तीच उल्का दोन जागांवरून दिसते आणि तिचा मार्ग त्रिमितीत निघतो. इथे फोकस, माउंटिंग आणि घड्याळावर घेतलेली मेहनत फळाला येते. इंग्लंडमध्ये विंचकमला २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री एक मोठा अग्निगोल, म्हणजे फार तेजस्वी उल्का, आला, तो हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांसकट अनेक कॅमेऱ्यांनी टिपला, त्यावरून कक्षा निघाली आणि तुकडे कुठे पडले असतील तेही. एका घराच्या ड्राइव्हवेवर पडलेले तुकडे तर लगेचच गोळा झाले. ती अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला तो दगड, सूर्यमालेच्या कुठल्या भागातून आली हे सांगता आलं ते या व्हिडिओंमुळे.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा काच मऊ ओल्या कपड्याने पुसा, कॅमेऱ्याला धक्का न लावता, आणि कोळ्याचं जाळं काढा. रात्री ताऱ्यांची संख्या हळूहळू कमी होत चाललीय असं दिसलं तर काच तरी मळलीय किंवा फोकस तरी गेलाय. कार्ड वर्षभराने बदललं तर बरं, सतत लिहून लिहून ती मरतात, आणि मरतात ती नेमकी जेमिनिड्सच्या रात्री. आणि मास्क मधूनमधून नव्याने रंगवा, झाड वाढत असतं.